शकूताईंचा नारळ

"वहिनी, तुम्ही आता बोलू नका, नुसतं ऐका," श्रीधरभाऊजी म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसले.

मी बोलणार नव्हतेच. ताटाला नमस्कार करून मी पहिला घास घेतला होता, म्हणजे माझं मौन सुरू झालं होतं. चातुर्मासात रात्रीचं जेवण मौनानं करायचं, हा माझा तेव्हाचा बारा वर्षांचा नेम. बाकीची मंडळी टेबलावर जेवत आणि मी देवघराच्या दाराशी पाट मांडून खाली. त्या वर्षी मात्र माझ्या पाटाला लागून दुसरा पाट होता. त्यावर भाऊजींची केतकी बसली होती. दहा वर्षांची. तीही गप्प.

"शकूताई दुकानात येऊन गेल्या," भाऊजी सांगू लागले. "कार्तिकी द्वादशीला देवळात चातुर्मासाची सांगता आहे ना, तेव्हा भजनी मंडळातर्फे केतकीचा सत्कार करायचं ठरलंय. सगळ्यांत लहान व्रतस्थ! शाल, श्रीफळ आणि दोन शब्द. काय मेघना, आपल्या घराण्यात कुणाचा देवळात सत्कार झाला होता का?"

"तुमच्या आजोबांना देवळातनं हाकललं होतं म्हणतात. प्रसादाचे पेढे पळवले म्हणून," मेघना, माझी धाकटी जाऊ, पोळी वाढता वाढता म्हणाली.

"तेच म्हणतोय मी. घराण्याचं नाव पोरीनं धुऊन काढलं!"

मला हसू आलं. मौनात हसायला बंदी नसते. हसता हसता मी शेजारी पाहिलं. केतकी पोळीचा एकच तुकडा ताटात इकडून तिकडे ढकलत होती. आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे तिच्या गावीही नव्हतं.

कराडला सोमवार पेठेत आमचं घर. खाली आम्ही, वर भाऊजी, पण स्वयंपाक एकच. ह्यांची बदली तेव्हा कोयनानगरला होती, माझी दोन्ही मुलं पुण्याला शिकायला. त्यामुळे घरात आम्ही चौघंच. भाऊजींचं चष्म्याचं दुकान, मेघना पोस्टात. शाळेतून आलेली केतकी संध्याकाळपर्यंत माझ्याच ताब्यात असायची, आणि ताब्यात म्हणजे काय, मीच तिच्या ताब्यात.

ती नकला करायची. कुणाचीही. पण तिची सगळ्यांत आवडती नक्कल शकूताईंची. शकूताई म्हणजे आमच्या भजनी मंडळाच्या प्रमुख. पेटी वाजवता वाजवता एका हातानं तपकीर ओढणार आणि दुसऱ्याच क्षणी "अगं बायांनो, सूर सोडू नका गं!" म्हणून ओरडणार. केतकी पोटावर उशी बांधून, पोळपाटाची पेटी करून हे सगळं इतकं हुबेहूब करायची की मला पदर तोंडाला लावावा लागे. एकदा शकूताईंनीच तिला देवळाच्या पायरीवर पकडलं. कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "नक्कल झकास आहे गं भवाने, पण माझं पोट एवढं पुढं नाही!"

"आज्जी, उशी लहान मिळाली नाही," ती म्हणाली होती.

अशी ही पोर. आषाढी एकादशीपासून मी तुळशीपुढं रोज गोपद्मं काढते, म्हणजे रांगोळीनं गाईची पावलं. आदल्या वर्षी ती माझ्याबरोबर काढायची आणि एक पाऊल हमखास ओळीबाहेर. "ही चुकार गाय आहे काकू. हिला शेजारच्यांचा पाला आवडतो."

त्या श्रावणात मात्र तिचं पोट दुखायला लागलं. ओवा झाला, हिंग झाला, डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. पोट दुखायचं थांबलं, की तिनं सांगायचं थांबवलं, कोण जाणे. मग तिचं जेवण कमी झालं. आणि एका रात्री, मी पाट मांडत असताना ती टेबलावरून उठली. "काकू, मी तुझ्याजवळ बसू?"

मी मानेनंच हो म्हटलं. तिनं भिंतीला टेकवलेला पाट काढला आणि बसली. टेबलावरून भाऊजींनी विचारलं, "काय गं, तूही मौन धरलंस की काय?"

तिनं नुसतं पाहिलं.

"अरे वा! धरलंय बरं का हिनं!" भाऊजींनी जाहीर करून टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही ते कळलं. मलाही आनंद झाला. आपल्या पाटाशेजारी आणखी एक पाट, याचं सुख बाईमाणसाला कळेल.

मग कौतुकाला तोटा राहिला नाही. शाळेतल्या बाई म्हणाल्या, किती शांत झाली हो केतकी, वर्गात चुळबूळ म्हणून नाही. तिनं आपली सायकल शेजारच्या जुईला देऊन टाकली. मग रंगपेटी दिली. मग सागरगोटे. त्या सागरगोट्यांवर तिनं आळीतल्या सगळ्या मुलींना हरवलं होतं, उशाशी घेऊन झोपायची. "चातुर्मासात आवडती वस्तू सोडतात ना, तशी सोडली हिनं," भाऊजी म्हणाले. "कर्णाचा अवतार आहे."

पहाटेही ती उठायला लागली. मी काकडआरतीच्या आधी अंगण झाडायला जाई, तेव्हा ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेली असे. त्याचंही कौतुक झालं. एका पहाटे मी गोपद्मं काढता काढता तिला विचारलं, "कधीची उठलीस गं?"

"माहीत नाही."

"झोप झाली का?"

थोड्या वेळानं तिनं रांगोळी घेतली आणि माझ्या ओळीखाली ओळ काढली. एकेक पाऊल सारखं, मापून ठेवल्यासारखं. मी वाट बघत होते. ओळ संपली तरी एकही पाऊल बाहेर गेलं नाही.

"आज चुकार गाय कुठं गेली?"

"कुठली?" तिनं विचारलं. मग म्हणाली, "काकू, तुझा नेम कधी संपतो?"

"कार्तिकी द्वादशीला. मग उद्यापन करायचं, ब्राह्मण-सवाष्ण जेवायला बोलवायची. का गं?"

"तुझं बरंय," ती म्हणाली आणि हात झटकून वर निघून गेली.

ते दोन शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. 'तुझं बरंय' असं बाया मला रोज म्हणतात. मुलं मार्गी लागली, तुझं बरंय. दहा वर्षांच्या पोरीच्या तोंडी ते बाईमाणसासारखं आलं होतं.

पुढं आश्विनातली संकष्टी आली. केतकीनं सकाळीच सांगितलं, मी पण धरते. भाऊजी खूश. मी दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवून होते.

उपासाबद्दल मला थोडं कळतं. पोथीतलं म्हणत नाही मी, पोटातलं म्हणते. जन्म गेला माझा एकादश्या, चतुर्थ्या, सोमवार करण्यात. उपास धरलेल्या माणसाला दुपारनंतर जगातले सगळे वास येतात. शेजारच्यांनी कांदा चिरला तरी कळतं. संकष्टीला तर लहान मुलं जीव खातात. आला का चंद्र, दिसला का, ढगाआड असला तर चालतो का! माझा धाकटा एकदा टाकीवर चढून बसला होता आणि वरून ओरडत होता, "मला दिसला, मला दिसला, मोदक वाढ!" चंद्राचा तेव्हा पत्ताही नव्हता.

त्या संध्याकाळी मी मोदक उकडले. वाफेचा वास जिन्यापर्यंत गेला. मी, मेघना आणि भाऊजी आरतीचं तबक घेऊन अंगणात चंद्राची वाट बघत उभे, पण समोरच्या माडीआड काही दिसत नव्हतं. केतकी वरच. मी तिला बोलवायला वर गेले. ती खिडकीशी बसली होती आणि चंद्र त्याच खिडकीतून दिसत होता. चांगला वर आलेला, पिवळाजर्द. त्याचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता.

"अगं, चंद्र उगवला की! सांगायचं नाही का?"

तिनं वळून बाहेर पाहिलं. खरोखरच आत्ता पाहिल्यासारखं. "हो का?" म्हणाली.

आरती झाल्यावर मी तिच्या हातावर मोदक ठेवला. सकाळपासून उपाशी पोर. तिनं तो हातात धरला. गरम होता, तूप सुटत होतं. मी बघतच उभी राहिले, तो तसाच हातात गार होत गेला. हिनं उपास धरलेला नाही, मला वाटलं. उपासाला भूक असावी लागते.

दुसऱ्या दिवशी भांडी विसळता विसळता मी मेघनाशी बोलले. तिनं हातातलं पातेलं पालथं घातलं. मग म्हणाली, "ताई, मलाही काहीतरी वाटतंय. पण काय ते सांगता येत नाही. ताप नाही, खोकला नाही. उलट त्रास द्यायची ती बंदच झालीय. मुलगी त्रास देत नाही म्हणून डॉक्टरकडे कशी नेऊ?"

तिनं रात्री भाऊजींकडे विषय काढला. त्यांचं उत्तर जिन्यावरून खालपर्यंत ऐकू आलं. "काय कमी आहे तिला? मारतंय कुणी? उपाशी ठेवतंय? जरा पोरीचं नाव झालं की तुम्हाला बघवत नाही! दिवाळीनंतर बघू."

दिवाळीत केतकीनं आपल्या फुलबाज्या जुईला दिल्या. चकल्यांचा घाणा निघाला तेव्हा ती तिथं नव्हती. दरवर्षी पहिली चकली तिची असे, जीभ भाजून घ्यायची.

द्वादशीच्या चार दिवस अगोदरची गोष्ट. संध्याकाळी आमटी करून, मीठ घालून मी देवळात वाती द्यायला गेले. मेघना ऑफिसातून आली, तिला वाटलं मीठ राहिलंय, तिनंही घातलं. आमच्याकडे हे अधूनमधून व्हायचंच, दोघींचा एक स्वयंपाक म्हटल्यावर.

मी पाटावर बसले. शेजारी केतकी. भाऊजी बाहेरच्या खोलीत फोनवर बोलत होते. मेघनानं आम्हाला दोघींना आधी वाढलं. मी भातावर आमटी घेऊन घास तोंडात घातला आणि डोळ्यांत पाणी आलं. घास गिळवेना. मौनाचा माझा नियम असा की अन्नाला नावं ठेवायची नाहीत, पानात पडेल ते खायचं. म्हणून मेघनाला खुणेनं सांगावं असं ठरवत मी पाण्याचं भांडं उचललं आणि शेजारी पाहिलं.

केतकी वाटीला तोंड लावून आमटी पीत होती. घोट घोट करून. भुवई हलली नाही की नाक आक्रसलं नाही. वाटी रिकामी करून तिनं खाली ठेवली.

"आवडली वाटतं!" मेघनाला बिचारीला आनंद झाला. कित्येक दिवसांनी पोरीनं काही संपवलं होतं. तिनं पळीभर आणखी वाढली. केतकीनं वाटी पुन्हा उचलली.

"केतकी," मी म्हणाले, "ठेव ती वाटी."

मेघनाच्या हातात पळी तशीच.

"ताई, तुमचं मौन..."

"राहू दे मौन. भाऊजींना बोलाव."

भाऊजी फोन ठेवून धावतच आले. "काय झालं? वहिनी, तुम्ही बोललात?"

"आमटी चाखा."

"अहो पण..."

"चाखा म्हणते ना."

त्यांनी चमचाभर तोंडात घातली आणि मोरीकडे पळाले. "हे काय! समुद्र ओतलाय की काय!"

"तुमची लेक वाटीभर प्यायली. दुसरी चालली होती."

त्यांनी तोंड पुसलं. हसायचा प्रयत्न केला. "मौन आहे ना तिचं... म्हणून बोलली नसेल."

"मौन माझंही होतं. माझं तोंड बघा." माझ्या डोळ्यांतून अजून पाणी येत होतं. "मौनातल्या माणसालाही खारट लागतं, भाऊजी."

ते केतकीपुढं उकिडवे बसले. "केतू, खारट नाही लागली तुला?"

"लागली."

"मग प्यायलीस कशाला बाळ?"

तिनं विचार केला. खरंच विचार केला. बाबांना समजेल असं कसं सांगावं, याचा करतात तसा. मग म्हणाली, "बाबा, खारट काय नि गोड काय. सगळं एकच आहे."

माझा आवाज लहान. घरात मला 'काय म्हणालीस?' असं दोनदा विचारतात. पण त्या दिवशी मी एकदाच बोलले आणि सगळ्यांना ऐकू गेलं. "सगळ्या कराडचे डोळे तपासता तुम्ही. जरा हिच्या डोळ्यांत बघा."

भाऊजींनी आपला चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. आणि बघितलं. किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. मेघना ओट्याला टेकून रडत होती, आवाज न करता.

"सकाळी मोहिते डॉक्टरांना फोन करतो," शेवटी ते म्हणाले. मुलांचे डॉक्टर आमचे. द्वादशीच्या दुसऱ्या दिवशीची वेळ मिळाली.

सत्काराचं मात्र अडलं. मी म्हटलं, नको म्हणून कळवा. भाऊजी कपाळ धरून बसले. "काय सांगू शकूताईंना? पोरीच्या डोक्यात काही झालंय म्हणून? वहिनी, पेठेत राहायचंय आपल्याला. पाच मिनिटांचं काम आहे, तेवढं होऊ दे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेतो, देवाशपथ."

"मला नका विचारू. तिला विचारा."

त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "बरं." त्या दिवसांत ती सगळ्यालाच बरं म्हणत असे.

द्वादशीला देऊळ गच्च भरलं होतं. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, मधे सतरंजीची वाट. शकूताईंनी तपकीर ओढून ध्वनिक्षेपक हातात घेतला, आधी त्याला दोन टपल्या मारल्या, मग पुढच्या रांगेतल्या बायांना सूर न धरल्याबद्दल बोलून घेतलं. मग केतकीला बोलावलं. मेघनानं तिला परकर-पोलकं नेसवलं होतं. ते कंबरेला सैल झालं होतं, म्हणून पिन लावली होती.

"ही आपली केतकी," शकूताई म्हणाल्या. "परवापरवापर्यंत माझ्या नकला करत हिंडायची, मला सगळं माहीत आहे! आणि आता बघा. सांग बाळ सगळ्यांना, एवढ्या लहान वयात मौनाचा नेम घ्यावा असं का वाटलं तुला?"

त्यांनी ध्वनिक्षेपक तिच्या तोंडापुढं धरला. केतकीनं आधी त्याच्याकडे पाहिलं. मग गर्दीत शोधून माझ्याकडे. मी हात जोडून बसले होते, कुणासाठी ते तेव्हा सांगता आलं नसतं.

"मी नेम घेतला नाही," ती म्हणाली.

"बघा, विनय किती!" शकूताई हसल्या. चार बायका हसल्या.

"नाही आज्जी, खरंच नाही घेतला." आवाज बारीक, पण ध्वनिक्षेपकामुळं देवळाच्या ओवरीपर्यंत गेला. "काकूचा नेम आज संपला. माझं संपतच नाही. मला बोलावंसं वाटत नाही म्हणून मी बोलत नाही. भूक लागत नाही म्हणून जेवत नाही. सगळे म्हणतात शहाणी झाली. मी शहाणी नाही झाले. मला काहीतरी झालंय."

तिनं तबकातल्या नारळाकडे पाहिलं.

"न केलेल्या नेमाचा नारळ मला नको."

मी उठले, पण माझ्या आधी भाऊजी उठले होते. सतरंजीची वाट सोडून ते सरळ बायकांतूनच निघाले, "सरका, सरका जरा" म्हणत, कुणाच्या पदरावर पाय, कुणाच्या तबकाला धक्का. वर पोचले. तिचा हात धरला फक्त.

शकूताई त्या दोघांकडे बघत होत्या. त्यांनी शाल घडी करून परत तबकात ठेवली. नारळ मात्र उचलला आणि केतकीच्या ओंजळीत दिला.

"हा नेमाचा नाही," त्या म्हणाल्या. "हा माझा आहे. घरी ने. ज्या दिवशी भूक लागेल त्या दिवशी फोड. तोवर मी वाट बघते." मग गर्दीकडे वळून खेकसल्या, "काय बघताय गं टकाटका? आरती म्हणा!"

भाऊजी पेठेतून नारळ एका हातात आणि लेक दुसऱ्या हातात धरून चालले होते, गणपती आणताना चालतात तसे. वाटेत दोघं-तिघं थबकून बघत राहिले.

"बघू देत," ते म्हणाले. जरा पुढं गेल्यावर पुन्हा म्हणाले, "वहिनी, मला दुकानदारांच्या सभेत चार माणसांपुढं उभं राहायचं म्हटलं तरी घाम फुटतो. ही सगळ्या देवळापुढं बोलली."

"हो," मी म्हटलं.

"खरं बोलली."

"हो."

मी आजवर पुष्कळ कीर्तनं ऐकली, मोठमोठ्या अधिकारी माणसांच्या पाया पडले. पण माझी मान त्या दिवशी सोमवार पेठेतून चालताना जशी ताठ होती तशी पुन्हा कधी झाली नाही.

मोहिते डॉक्टरांनी तपासलं आणि साताऱ्याच्या एका मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे चिठ्ठी दिली. दर आठवड्याला एसटीनं आम्ही जायचो, कधी मेघना बरोबर, कधी भाऊजी दुकान बंद ठेवून, मी मात्र नेहमी. पहिल्या दिवशी बाईंनी आम्हाला सगळं विचारलं. पोटदुखी, पहाटे जागं होणं, शाळेतला शांतपणा. "मुलं येऊन 'मी उदास आहे' असं सांगत नाहीत," त्या म्हणाल्या. "कुणी चिडचिडं होतं, कुणाचं पोट दुखतं. आणि एखादं फार गुणी होतं, ते सगळ्यांत उशिरा कळतं."

"पण कारण काय?" भाऊजींनी विचारलं. "आम्ही काय कमी केलं?"

"तापाला कारण असतं, तरी आपण आधी ताप उतरवतो ना? कारण सापडेल किंवा नाही सापडणार. तुम्ही तिला आणलंत."

सायकल आणि सागरगोट्यांबद्दल मात्र त्यांनी फार खोदून विचारलं. कधी दिले, काय म्हणून दिले, आणखी काय देणार होती. मग केतकीशी एकटीशी बोलल्या. नंतर आम्हाला आत बोलावून, माणूस आपल्या जिवाभावाच्या वस्तू अशा वाटून टाकतो तेव्हा 'जगणंच नको' असंही त्याच्या मनात असू शकतं, हे शांतपणे सांगितलं. मी भाऊजींना धरून बसवलं. बाहेर बाकावर केतकी पाय हलवत बसली होती. त्यांनी जाऊन तिला मिठी मारली ती एसटी लागेपर्यंत सोडली नाही.

एकदम काही झालं नाही. पौषात जरा बरी वाटली, पुन्हा खाली गेली. फाल्गुनात परत तसंच. पण ती आता सांगायची. "काकू, आज काहीच नको वाटतंय." मग मी हातातलं काम ठेवून तिच्याजवळ बसायची. जुई एके दिवशी स्वतःहून सागरगोटे परत घेऊन आली. "हिच्याशिवाय खेळायला मजा येत नाही," म्हणाली. नारळ देवघरात होता. मी त्याला रोज हळदीकुंकू वाहत होते.

केतकी आता सत्तावीस वर्षांची आहे. हे लिहायला तिनंच मला बसवलं. मी म्हटलं, नाव बदलते तुझं. तर म्हणाली, "मुळीच नाही. देवळात खऱ्या नावानं बोलले होते मी."

सत्कारानंतरच्या वर्षी आषाढी द्वादशीची सकाळ. त्या चातुर्मासात मी मौन धरलं नव्हतं. त्याऐवजी नेम घेतला होता की रात्री सगळ्यांबरोबर टेबलावर बसायचं आणि प्रत्येकाला विचारायचं, आज काय झालं, आणि उत्तर येईपर्यंत पुढचा घास घ्यायचा नाही. तो नेम अजून चालू आहे. गोपद्मं मात्र सोडली नव्हती. मी तुळशीपुढं ओळ घालत होते. मागून केतकी आली, चिमूटभर रांगोळी घेतली आणि बसली. मी वर पाहिलं नाही.

माझ्या ओळीबाहेर एक पाऊल उमटलं. त्याच्यापुढं दुसरं, मग तिसरं. पावलं तुळशीकडे पाठ करून चालली होती.

"ही कुठं निघाली?" मी विचारलं.

"स्वयंपाकघरात."

"कशाला?"

"भूक लागली असेल."

"कुणाला?"

"गाईला." पावलं उंबऱ्यापर्यंत गेली. "मलापण."

मी उठले. हात धुवायचं भान नव्हतं. देवघरातून नारळ आणला. तो हलवला तर आत खडखड वाजलं, इतक्या महिन्यांत पाणी आटून खोबरं सुटं झालं होतं. भाऊजी दाढी करत होते, ते तोंडाला साबण तसाच ठेवून आले आणि पायरीवर एकाच फटक्यात त्यांनी तो फोडला. आतून अख्खा गोटा निघाला, कापला तर पांढराशुभ्र. मेघना शकूताईंना आणायला धावली. मी खोबरं कातलं आणि वाटीत गुळाचा खडा घालून ती केतकीपुढं ठेवली.

शकूताई दारातूनच ओरडत आल्या, "माझ्याशिवाय फोडलात? एवढी घाई!"

केतकीच्या तोंडात घास होता. तिनं एक बोट नाकाला लावलं, सणसणीत तपकीर ओढली आणि भरल्या तोंडानं म्हणाली, "अगं बायांनो, सूर सोडू नका गं!"

शकूताई मटकन पायरीवर बसल्या. हसत होत्या की रडत होत्या, त्यांनाच माहीत.

केतकीनं वाटी माझ्यापुढं केली. तिच्या कपाळाला आठी पडली होती, नाक वर गेलं होतं.

"काकू, गूळ कमी आहे," ती म्हणाली. "आणखी दे."